शनिवारची साक्ष

कृष्णातचा खून शुक्रवारी दिवस मावळताना झाला ही बातमी पंचगंगेच्या पुलावर पोचली ती रविवारी दुपारी, आणि ती ऐकून जमलेल्या बायाबापड्यांनी हळहळ केली तेव्हा एकटी कुलसुम तांबोळीण हातातलं पान तसंच धरून म्हणाली, "शुक्रवारी? मग काल भर दुपारी माझ्याम्होरं कोण उभं होतं?"

पुलाच्या कोल्हापूरकडल्या तोंडाशी, चिंचेच्या बुंध्याला टेकून तिची पानांची पाटी असायची. नवरा इमाम पटकीच्या साथीत गेल्यापासून सात वर्षं ती त्या जागी बसत होती, आणि पुलावरून शहरात येणारा-जाणारा माणूस तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय राहत नसे. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची सून रुसून माहेरी चालली, हे तिला विचारावं लागत नसे. ते आपोआप समोरून चालत जाई. त्या काळी महाराजांचं राज्य होतं, राधानगरीकडं मोठ्या धरणाची बोलणी चालली होती, नवनवी बोर्डिंगं निघत होती, आणि शहरात बोलायला विषय पुष्कळ होते. पण त्या वर्षी चैत्रापासून दसऱ्यापर्यंत कोल्हापूर बोललं ते एकाच विषयावर. कुलसुमच्या डोळ्यांवर.

प्रकरण तसं सरळ होतं. नदीपलीकडच्या वाडीत कृष्णात आणि पिराजी यांची शेतं एकमेकांना लागून. बांधावरून तीन वर्षं तंटा. शुक्रवारी सांजच्याला केरबा धनगरानं दोघांना पडक्या विहिरीकडं जाताना पाहिलं. शनिवारी पहाटे पिराजी भाचीच्या लग्नाला गाडी जुंपून कागलला गेला. रविवारी सकाळी कृष्णातचं प्रेत त्याच विहिरीत सापडलं, गळ्यावर विळ्याचा वार. डॉक्टरांनी सांगितलं, प्रेत दोन रात्री पाण्यात होतं. पिराजीला लग्नाच्या मांडवातून धरून आणलं. आता शनिवारी दुपारी कृष्णात जिवंत असेल, तर त्या वेळी पिराजी पन्नास वऱ्हाड्यांच्या पंक्तीत जेवत होता. आणि नसेल, तर पिराजीच्या गळ्याला दोर. सगळा खटला त्या एका दुपारवर येऊन टेकला होता, आणि ती दुपार कुलसुमच्या पदरात होती.

पिराजीशी तिचं काही गोड नव्हतं. मागच्याच दिवाळीत गाडीला वाट दिली नाही म्हणून त्यानं तिची पाटी लाथेनं उडवली होती आणि पानं वाऱ्यावर पुलाखाली गेली होती. त्या दिवसापासून तिनं त्याचं तोंड बघितलं तर जमिनीवर थुंकायचं, असा नेम धरला होता. म्हणूनच लोकांना कोडं पडलं. न्हाव्याच्या दुकानात, घाटावर, अंबाबाईच्या देवळाबाहेर हार विकणाऱ्या माळ्यांच्या रांगेत दोन तट पडले. शहरातल्या साप्ताहिकात ‘एक न्यायप्रेमी’ या सहीनं पत्र आलं, की एका पानवालीच्या शब्दावर वैद्यकशास्त्र खोटं ठरवायचं काय? पुढच्या आठवड्यात ‘एक सत्यप्रेमी’ यानं विचारलं, की प्रेत बोलत नाही, डॉक्टर अंदाजानं बोलतो, आणि डोळ्यांनी पाहिलेलं मात्र एकाच बाईनं सांगितलंय; मग पुरावा कशाला म्हणायचं? बोर्डिंगातले विद्यार्थी तर एका सकाळी मुद्दाम पुलाच्या पलीकडल्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिला विचारलं, ओळख कोण कोण ते. तिनं पाटीवरून मान वर केली, एकेकाचं नाव सांगितलं, आणि सर्वांत शेवटच्याकडं बोट करून म्हणाली, "त्याचं नाव ठावं न्हाय. पर सोमवारी गेला तवा पायांत पायताण नव्हतं." तो पोरगा ओशाळला. तिचे डोळे खोटे, असं त्यानंतर कोणी म्हटलं नाही. मग बाई खोटी, असं म्हणायला लागले.

धाकटा दीर ख्वाजा घाबरला. "भाभी," तो म्हणाला, "अपने कू क्या करना है? वो लोगां का झगडा, वो लोगां जाने."

"झगडा उनका," कुलसुम म्हणाली, "पन आँखां तो मेरे हैं ना!"

फौजदारानं तिला कचेरीत बोलावून दोन घटका उभं ठेवलं. खोट्या साक्षीला काय सजा असते ते सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फौजदारसाहेब, माझे डोळे सरकारनं दिल्यात व्हय? मग काय बघायचं ते सरकारला इचारून का बघू?" कचेरीतला शिपाई हसला, आणि फौजदारानं तिला घालवून दिलं. जग जितकं तिला खोटं म्हणे तितकी तिची पाठ ताठ होई. पिराजी फासावर जावो की तरून जावो, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण शनिवारी दुपारी कृष्णात तिच्यासमोर उभा होता, आणि तो नव्हता असं तिच्या तोंडून वदवून घेणारा माईचा लाल अजून जन्मायचा होता.

फक्त कधी कधी, गिऱ्हाईक नसताना, ती दुपार मनात पुन्हा उभी राहिली, की एक गोष्ट तिला खटके. कृष्णात नेहमी चिंचेच्या सावलीत येऊन उकिडवा बसे, चुना मागे, दोन शिव्या आपल्या बैलांना देई. त्या दिवशी तो उन्हातच उभा राहिला. चैत्राचं ऊन, दोन कोसांची पायवाट, फुफाटा घोट्यापर्यंत. आणि त्याच्या पायांना कणभर धूळ नव्हती. पाय पांढरेफटक होते, सुरकुतलेले, दिवसभर नदीत उभ्या राहिलेल्या परटाच्या पायांसारखे. धोतर मात्र कोरडं ठणठणीत. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं. पिराजीचे वकील गणपतराव यांनी तिला बजावून ठेवलं होतं, "विचारलं तेवढंच सांगायचं, कुलसुमबी. एक अक्षर जादा नाही." तिला ते पटलं होतं.

भाद्रपदात खटला उभा राहिला, त्याच्या आदल्या आठवड्यात हेच गणपतराव पुलावर आले. भला माणूस, पण त्या दिवशी त्यांची पगडी घामानं भिजली होती.

"पिराजी म्हणतोय, तुमची साक्ष काढू नका," ते म्हणाले. "वीस वर्षं वकिली केली. आपल्या बाजूचा साक्षीदार नको म्हणणारा आरोपी आजवर पाहिला नाही."

"का म्हणं?"

"सांगत नाही. गुडघ्यांत डोकं घालून बसतो. ती बाई बोलायला नको, एवढंच."

"त्याला नको असंल," कुलसुम म्हणाली. "पर माझी जीभ काय त्याच्या दावणीला बांधलीया व्हय? समन्स आलंय. मी येणार."

दुसऱ्या दिवशी तानाबाई आली, कृष्णातची बायको. पांढऱ्या कपाळाची, वाळून काटकी झालेली. ती पाटीसमोर उभी राहिली तेव्हा येणारे-जाणारे थबकले; आता ही तांबोळणीच्या झिंज्या धरणार, असं सर्वांना वाटलं. कुलसुमलाही वाटलं. ती उठली नाही.

"माझ्या कुंकवाचा वैरी सोडवाय निघालीस न्हवं?" तानाबाई म्हणाली.

"मी कुणाला सोडवत न्हाय, बाई. बगितलं ते सांगतो."

"काय बगितलंस?"

कुलसुमनं सांगितलं. धोतर, बंडी, डोक्याला मुंडासं, आणि गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेलं तांबड्या काठाचं उपरणं.

तानाबाई खाली बसली. मग तिचा हात सावकाश आपल्या गळ्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

"ते उपरणं लग्नातलं," ती हळूच म्हणाली. "ट्रंकंत तळाला होतं. शनवारी सकाळी मी लुगडं काढलं तवा होतं. दुपारी शेतातनं आलो तर ट्रंक उघडी, आणि उपरणं न्हाय. चोर आला म्हटलं, तर दुसरं काय बी गेलं नव्हतं."

नदीवरून वारा आला. पाटीतली पानं हलली. कुलसुमनं त्यांच्यावर फडकं ओढलं.

तानाबाईनं डोळे पुसले. उठताना तिचा चेहरा पार वेगळा झाला होता. निवळलेला, जवळजवळ तरणा. "तू सांग," ती म्हणाली. "कोर्टात जा आन् सांग. कुणाला भिऊ नगंस." चार पावलं गेल्यावर ती वळली. "सुटू दे की त्याला."

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मुंगीला वाट नव्हती. कुलसुमनं खुदाची शपथ घेतली आणि पिंजऱ्याचा कठडा असा धरला, की जणू पुलाचाच कठडा. गणपतरावांनी विचारलं तेवढं तिनं सांगितलं. मग सरकारी वकील उठले. त्यांचा आवाज मऊ होता आणि ते हसत होते.

"चैत्र महिना, भर दुपार. आणि गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं?"

"व्हय. मलाबी नवल वाटलं."

"तो पान घ्यायला आला होता?"

"न्हाय. पान घेतलं न्हाय."

"मग दोन कोस चालून आला कशाला? आणि गेला कुठं?"

"आल्या वाटंनं माघारी गेला."

लोक हसले. वकील न्यायाधीशांकडं वळून म्हणाले, "म्हणजे एक मनुष्य येतो, काही घेत नाही, शहरात जात नाही, परत जातो. बाई, लांबून कुणीतरी दिसला आणि तो कृष्णात, असं तुम्ही ठरवलंत. एक शब्द तरी बोलला का तो तुमच्याशी?"

"बोलला की," कुलसुम म्हणाली. "आवाज बसल्याला होता. घशात वारा शिरल्यागत. पडसं झालं असंल म्हटलं. म्हणाला, पिराजी कुठं हाय?"

तोच आरोपीच्या पिंजऱ्यातून एक आवाज उठला, माणसाचा वाटू नये असा.

"खोटं! खोटं बोलती ती! त्याला बोलता यायचं न्हाय!" पिराजी गजांवर डोकं आपटत होता. "कसा बोलंल त्यो? साहेब, हिला गप करा! मला आत ठेवा, काय बी करा, पर हिचं खरं मानू नका!"

शिपाई धावले. बाकं सरकली, बायका किंचाळल्या, न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटून काम तहकूब केलं. कुलसुम तेवढी कठडा धरून उभी होती. खोटं, हा शब्द तिनं पाच महिने सगळ्या शहराकडून ऐकला होता. पण जिच्या शब्दावर ज्याचा जीव टांगलेला, त्यानंच तो शब्द तिच्या तोंडावर फेकावा, याचा तिला संताप आला. "खुदा की कसम," ती त्या गोंधळात मोठ्यानं म्हणाली, "मी बगितलंय. शंभर बारी इचारा, शंभर बारी सांगीन!"

निकाल लागायला तीन आठवडे गेले. गणपतरावांनी म्हटलं, तुरुंगात आरोपीचं डोकं फिरलंय, आपल्याच साक्षीदाराला तो खोटं म्हणतो यावरूनच ते दिसतं. उलटतपासणीत डॉक्टर म्हणाले, पाण्यातल्या प्रेताचा काळ तासांत सांगता येत नाही. केरबाला शुक्रवार की गुरुवार ते नक्की आठवेना. पानवाली तेवढी तसूभर हलली नव्हती. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं, की या साक्षीदार बाईला आरोपीविषयी ममता नाही, लोभ नाही, आणि तिच्यासारखी निर्भय साक्ष या न्यायासनानं क्वचितच ऐकली आहे. संशयाचा फायदा देऊन पिराजीला सोडण्यात आलं.

ख्वाजानं साखर वाटली. ज्या न्हाव्याच्या दुकानात तिला खोटारडी म्हणत, तिथून रामराम येऊ लागला. कुलसुम नेहमीच्या जागी बसून पानं पुसत राहिली. आपण जिंकलो असं तिला वाटलं, आणि ते तिनं चेहऱ्यावर दिसू दिलं.

सुटल्याच्या दिवशी, उन्हं कलायच्या सुमाराला, एक बैलगाडी शहराकडून येऊन पुलाच्या तोंडाशी थांबली. गाडीत पिराजीची आई बाळाबाई बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस दिसलं तर सावलीएवढं दिसायचं, पण लेकाला आणायला शेजारच्या ज्ञानूला गाडी हाकायला घेऊन स्वतः आली होती. पिराजी गाडीतून उतरला. त्याचे केस पिकले होते. पुलावर पाय टाकायच्या ऐवजी तो चिंचेकडं आला आणि पाटीसमोर मातीत बसला.

कुलसुम थुंकली नाही.

"कुलसुमबी," तो म्हणाला, "एकच इचारतो. कोर्टात कुणी इचारलं न्हाय. त्यानं तुला इचारलं, पिराजी कुठं हाय. मग तू काय सांगितलंस?"

तिच्या हातातलं फडकं थांबलं. खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. तिला त्याची एकदम कीव आली, आणि काहीतरी दुसरं सांगावं असंही क्षणभर मनात येऊन गेलं. पण सहा महिने अख्ख्या कोल्हापूरला जिनं दाद दिली नव्हती, ती आता या माणसापुढं खोटं कुठून आणणार?

"खरं तेच सांगितलं," ती म्हणाली. "पिराजी पहाटं कागलला गेला. लगीन हाय. येईल तवा ह्याच पुलावरनं घरला येईल."

"मग?"

"बरं म्हणाला. मला घाई न्हाय म्हणाला. तवर त्याच्या घरी, सोप्यात बसतो म्हणाला."

पिराजी उठला नाही. त्याची नजर पुलावरून, नदीवरून, पलीकडच्या उसाच्या हिरव्या पट्ट्याकडं गेली आणि तिथंच खिळली. गाडीतून बाळाबाईनं कंटाळून हाक मारली.

"चल की रं लेका, किती येळ? पावणं कवाचं खोळंबल्यात सोप्यात."