राणीला पडू द्यायचं

घोटा मोडल्यावर राणी खंदारे पाच महिन्यांत पुन्हा चढाईच्या भिंतीवर चढली, पण तिच्या थोरल्या भावानं, बुद्धभूषणनं, दीड वर्ष दोराला हात लावला नाही.

कुरुंद्याच्या पडीक पाण्याच्या टाकीच्या खांबांना लोखंडी सांगाडा त्यानंच वेल्डिंग करून जोडला होता. त्यावर पुढं झुकलेल्या फळ्या, फळ्यांवर मुठीएवढ्या पकडी. इथंच सराव करून राणीनं दोनदा राष्ट्रीय पदक आणलं होतं. २००१ च्या दिवाळीत ती वरून निसटली, आणि खाली दोर धरलेल्या बुद्धभूषणनं घाबरून तो खसकन मागं ओढला. राणी झोका खाऊन खांबावर आदळली. हाड मोडल्याचा तो आवाज त्याच्या कानातून गेला नव्हता.

तेव्हापासून तिचे प्रशिक्षक संतराम सर दोर धरत. पण दिल्लीच्या निवड स्पर्धेला सहा दिवस उरले आणि सर टायफॉईडनं आडवे झाले.

"दादा, सरावाला तूच चल."

"माझ्यानं न्हाई होणार."

"काहून? हात तेच हायेत ना?"

"तेच हायेत म्हणून तर."

"मग ऐक. पडले तर पडू दे. वढू नको. दोर वढंल तसं एक पाऊल पुढं ये, बस."

या खेळात दोर वरून टांगलेला नसतो. चढणाऱ्यानं तो सोबत नेत वाटेतल्या एकेका कडीत अडकवायचा. शेवटच्या कडीच्या जितकं वर असताना हात सुटेल, तितकंच तिच्या खाली जायचं.

राणी चढू लागली. तिसरी कडी, चौथी, पाचवी. बुद्धभूषण मान वर करून कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या कडीतून दोर सोडत होता. सहाव्या कडीजवळ ती थांबली. दंड थरथरू लागले. एका हातावर लटकून तिनं अडकवायला दोर वर ओढून घेतला, दातात धरला.

"ये खाली!" त्याच्या तोंडून निघालं.

"गप!"

तिचा डावा पाय सटकला.

ती पाठीवर खाली पडत होती, दोर हवेत सैल. बुद्धभूषणचं सगळं अंग मागं पळायला निघालं. त्यानं दात आवळले आणि पाऊल पुढं टाकलं. दोर ताणला, तो स्वतःच हातभर वर उचलला गेला. राणी बारा-पंधरा फूट खाली येऊन अलगद थांबली. खांब दोन हात लांब होता.

तो मटकन खाली बसला, दोर मात्र सोडला नाही.

"रडून राहिला का?" वरून राणीनं विचारलं.

"न्हाई."

"मग ऊठ. परत."

चौथ्या खेपेला तिनं सहावी कडी अडकवली.

दिल्लीत दोर धरायला आयोजकांचीच माणसं होती. तिथून फोन आला तेव्हा तो वारंगा फाट्यावरच्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात होता.

"कितवी?"

"दुसरी. संघात घेतलं!"

"पडलीस का?"

"माथ्याच्या दोन पकडी खाली."

"लागलं?"

"न्हाई रे दादा."

त्यानंतर सहा वर्षं राणी देशाकडून खेळली. राष्ट्रीय स्पर्धेत पहिली एकदाच आली, २००६ साली. त्या दिवशी ती थेट माथ्यापर्यंत गेली. बुद्धभूषण गर्दीत उभा राहून ओरडत होता. काय ओरडला, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही.