आळीतलं शेवटचं दार

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. त्या महिन्यात चर्चमधून मरियामातेची मूर्ती आळीत येते आणि घरोघर फिरते. एका घरी एक रात्र राहायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरच्यांनी तिला उचलून पुढच्या घरी पोचवायचं. मागून मेणबत्त्या घेऊन सगळी आळी. घरचा माणूस प्रार्थनेचा पहिला भाग म्हणतो, जमलेले दुसरा म्हणतात, आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे.

बॅप्टिस्टनं यंदा कुंपणावरूनच सांगून टाकलं होतं.

"शॅनन, माता माझ्याकडे नको."

शॅनन आळीची प्रमुख. मुंबईला बँकेत नोकरी, घरी पोचायला अंधार पडतो, तरी हे काम तिनं हौसेनं अंगावर घेतलेलं. हातातली पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "अंकल, अर्धा तास फक्त. चणे मी आणते."

"चण्यांचा प्रश्न नाही गं."

तिनं मान हलवली आणि पिशवी उचलली.

बॅप्टिस्टची बायको मर्लिन पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधी वारली. तेव्हापासून तो चर्चला गेला नव्हता, पण चर्चबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार करणाऱ्याला त्यानं उलट फटकारलं असतं. मर्लिन गेल्याची घंटा वाजली आणि न बोलावता माणसं आली. आळीतल्या मुलांनी खड्डा खणला, त्यांनीच खांदा दिला. चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सापर्यंत त्याच्या घरी गॅस पेटला नाही. रोज वेगळ्या घरातून जेवण आलं, आणि डबा परत मागायला कोणी आलं नाही. फादर दोनदा येऊन गेले. रविवारच्या मिस्साला का येत नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. ओट्यावर बसले, केळीवर पडलेल्या रोगाबद्दल बोलले, एक केळं खाल्लं आणि गेले.

कारण साधं होतं, पण कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. लग्न झाल्यापासून दोघं रोज जेवणाआधी जपमाळ म्हणत. 'नमो मरिये' पासूनचा पहिला भाग मर्लिनचा, दुसरा बॅप्टिस्टचा. त्या दुसऱ्या भागात 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' असे शब्द येतात. हॉस्पिटलात तिच्या खाटेशी बसून तो ते म्हणत राहिला होता, ती पहिला भाग म्हणायची थांबली तरी. आता त्या शब्दांपाशी आलं की जीभच उचलत नसे. चर्चभर सगळे म्हणणार आणि आपण तोंड मिटून उभं राहणार, हे त्याला नको होतं.

ठरलेल्या संध्याकाळी आळी त्याच्या दारावरून गेली. त्याला त्रास नको म्हणून फाटकापाशी सगळ्यांनी गाणं थांबवलं, चपलासुद्धा जपून टाकल्या, आणि पलीकडे एलिसाच्या अंगणात शिरल्यावर पुन्हा गाणं धरलं. बॅप्टिस्ट दिवा मालवून दाराआड उभा होता. नको म्हटलं होतं, तसंच झालं. तरी त्याला वाईट वाटलं. गात गेले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मागच्या दाराशी हाक आली.

"बॅप्टिसा! आरं, हायस का तूपन गेलास?"

पुतळाबाई. त्याच्या केळीच्या वाडीच्या मागे, विहिरीपलीकडे तिचं घर. रस्त्यापासून आळीतलं शेवटचं. खाडीकडची शेतकरीण, नवरा वारलेला, मुलगा वालीवला कारखान्यात आणि राहायलाही तिकडेच. तो न्यायला येतो, ती जात नाही. घरात वज्रेश्वरीचा फोटो आणि कोंबड्या.

"आहे ना. काय झालं?"

"काय झालं म्हनं! माता कुठं हाय माझी? काल तुझ्याकडं, आज माझ्याकडं. अंगन सारवता सारवता कंबर गेली."

बॅप्टिस्टच्या मग लक्षात आलं. मातेला पुतळाबाईकडे आळी नेत नसे, मर्लिन नेत असे.

पुतळाबाईचा नवरा वारला त्या वर्षी मर्लिननं कोणाला न विचारता मूर्ती उचलली आणि बांधावरून तिच्या घरी नेली. आळीच्या बैठकीत कोणीतरी कुरकुर केली, की ती बाई चांगली आहे, पण आपल्या चर्चची नाही. फादरनी तेव्हा विचारलं होतं, "आपलं चर्च कशासाठी आहे, सांगा बघू." एकानं सुवार्ता सांगितली, एकानं संस्कार, एकानं सेवा, आणि सेवा म्हणजे काय यावर दोघांची जुंपली. मर्लिन चहा गाळत होती. ती म्हणाली, "कोणाचं दार चुकू नये म्हणून." फादर म्हणाले, "झाली बैठक. चहा घ्या."

तेव्हापासून आधी बॅप्टिस्टचं घर, मग पुतळाबाईचं, मग एलिसाचं. यंदा बॅप्टिस्टचं दार टाळलं, आणि त्याच्यामागचं दार आपोआप चुकलं.

"मी नको म्हणालो होतो त्यांना," बॅप्टिस्ट म्हणाला.

"तू नको म्हनालास." पुतळाबाईनं पदर खोचला. "मी म्हनले का?"

बॅप्टिस्टनं खुंटीवरचा शर्ट अंगात घातला.

एलिसाच्या घरी प्रार्थना संपली होती. मेणबत्त्या पेटल्या होत्या, शॅनन मूर्ती उचलण्याच्या बेतात होती. दारात बॅप्टिस्ट दिसला तसा तिनं हात मागे घेतला.

"मातेला मागे फिरवा," तो म्हणाला. "पुतळाबाई राहिली."

शॅननचा हात कपाळावर गेला. "अगं बाई! मावशी! अंकल, आम्ही तुमचाच विचार करत बसलो."

"तूच नको म्हणालास ना," एलिसा म्हणाली.

"म्हणालो. पण तुम्ही माझं ऐकायला लागलात कधीपासून?"

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. एलिसा डोळे पुसत म्हणाली, "मर्लिन असती तर एकेकाला झोडपलं असतं."

"तुला पहिली," बॅप्टिस्ट म्हणाला आणि त्यानं मूर्ती स्वतः उचलली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती. मर्लिन ती एकटी नेत असे आणि वर मेणबत्तीही धरत असे.

त्याच्या अंगणातून जाताना पुतळाबाई आडवी आली. "आधी तुझ्या घरात टेकव. तुझ्याकडं थांबल्याबिगर माझ्याकडं नाय यायची ती."

त्यानं मूर्ती मर्लिनच्या शिवणयंत्रावर ठेवली. शॅननच्या आईनं खिडकी उघडली. थोड्या वेळानं त्यानं मूर्ती पुन्हा उचलली आणि सगळे केळीतून, विहिरीला वळसा घालून, बांधावरून एकामागे एक निघाले. या वेळी गाणं कोणी थांबवलं नाही.

पुतळाबाईनं मातेला वज्रेश्वरीच्या शेजारी जागा केली होती. दोघींना सारखीच झेंडूची माळ. सगळे खाली बसले आणि वाट पाहू लागले, कारण इथं पहिला भाग नेहमी मर्लिन म्हणायची. पुतळाबाईला तो येत नसे.

"मी सुरू करू?" शॅननने हळूच विचारलं.

"थांब," बॅप्टिस्ट म्हणाला.

मर्लिनचा भाग त्यानं जन्मात कधी म्हटला नव्हता, नुसता ऐकला होता. त्यानं शॅननच्या हातातली जपमाळ घेतली. 'नमो मरिये' म्हणताना आवाज फाटला, पण शब्द आले, एकामागून एक, तिच्याच तोंडचे. तो थांबला, आणि सगळ्यांनी दुसरा भाग उचलला. त्यात पुतळाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर, "आता आनि आमच्या मरनाच्या येळी." इतकी वर्षं ऐकून तिला तेवढं पाठ झालं होतं. जे बॅप्टिस्टला म्हणवत नव्हतं ते खोलीभर म्हटलं गेलं, आणि त्याला फक्त पुढचा मणी धरायचा होता. त्यानं धरला.

शेवटी चणे आले. पुतळाबाईनं त्याच्या ओंजळीत जरा जास्तच टाकले.

"तू लय भरभर म्हनतोस," ती म्हणाली. "मर्लिनबाय सावकाश म्हनायची."

"सवय नाही."

"मंग कर सवय. आनि उद्या हिला पुढच्या घरी पोचवायची हाय. माझ्याच्यानं आता बांधावरून नाय होत."

"येतो," बॅप्टिस्ट म्हणाला. "तू कंबर सांभाळ. मी येतो."