पुण्याची न्हाई

माझी थोरली बहीण आम्रपाली भारताची राजदूत होती. ती गेल्यावर पिंपरीतल्या आमच्या विहारात शोकसभा झाली. तिचे जुने सहकारी देवस्थळीसाहेब त्यासाठी दिल्लीहून आले होते. "पुण्याच्या या कन्येनं देशाची मान उंचावली," अशी त्यांनी भाषणाला सुरुवात केली आणि माझं डोकंच फिरलं. बाप पिंपरीच्या कारखान्यात राबला, पोर पिंपरीच्या शाळेत शिकली, आणि नाव मात्र पुण्याचं? मी उठणार तोच पहिल्या रांगेतून आई कडाडली, "पुण्याची न्हाई, पिंपरीची!"

साहेबांनी हात जोडले.

"चुकलो, आई. परदेशात एका राष्ट्राध्यक्षांना मी तिची अशीच ओळख करून दिली होती. तिनं मला तिथल्या तिथं अडवलं आणि पिंपरी सांगितलं. ते म्हणाले, हे नाव कधी ऐकलं नाही. ती म्हणाली, आता ऐकलंत ना?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब मात्र आईकडेच बघत होते.

"तेव्हा तिच्या आवाजानं तिथला सगळा दरबार दचकला होता," ते म्हणाले. "तो आवाज कुणाचा, ते आज कळलं."