बांडीखालचे भुंगे

बाळांनो, डोळे मिटा आणि समजा, किडे धरायला जमिनीत एक पेला पुरलाय. वर जरा फट ठेवून दगडाचं झाकण आहे. आत पाण्यात पडलेले किडे कडक उन्हात सडत आहेत. आता तो दगड उचला.

नेकनूरजवळच्या गायरानात धनश्रीने तसाच दगड उचलला आणि सकाळचं पिठलं तिच्या घशाशी आलं. काळपट रसात पाय, पंख, टरफलं तरंगत होती. वर चिकट साय धरली होती.

"किडे सडू नयेत म्हणून यात मी स्पिरिट घातलं होतं," स्वप्नाताई म्हणाली. ती अंबाजोगाईच्या कॉलेजातून गायरानातल्या किड्यांची पाहणी करायला आली होती. "पाणी कुणी भरलं?"

मेंढ्या राखणारे धनश्रीचे आबा, धुळाजी, गळ्यातली तुळशीची माळ चाचपत म्हणाले, "मीच, ताई. दारूवानी वास येत व्हता. बिरोबाच्या ठाण्यापशी तसला वास? शिसारी आली. वतून दिलं अन् हिरीचं चांगलं पानी भरलं."

"आता ह्याचा वास घ्या, आबा," धनश्री नाक दाबून म्हणाली.

या गायरानात शहराचा कचरा टाकायचं घाटत होतं. 'तिथं हाय काय, नुसती कुसळं,' असं सगळे म्हणत. मग मेंढ्या न्यायच्या कुठं? तिथं काय काय जगतं ते कचऱ्याच्या जागेबद्दलच्या सरकारी सुनावणीत दाखवायचं होतं, आणि आजच्या एसटीने किडे प्रयोगशाळेत गेले तरच वेळेत उत्तर येणार होतं.

"बिस्किटाच्या पुड्यावरच्या रेघांवरून यंत्र माल ओळखतं ना, तशी किड्याच्या अंगात डीएनएची खूण असते," ताई म्हणाली. "दिसायला सारखे भुंगे तिच्यावरून वेगळे ओळखू येतात. एक पायही पुरतो. पण सडला की खूण पुसते. मला एक तांबूस भुंगा हवा होता, सहसा कुठं न सापडणारा. मेलेल्या जनावराच्या कातडीखाली राहतो."

धनश्री मेंढ्यांमागं वाढली होती. शेणालेंड्यांची तिला कधी किळस आली नव्हती. पण बाटलीने दूध पाजून वाढवलेली तिची बांडी नावाची मेंढी मेली होती आणि कुत्र्यांनी ओघळीत ओढून नेली होती. काल धनश्री तिला बघायला गेली, तर पोट फुटलेलं, डोळ्यांच्या जागी वळवळणाऱ्या अळ्या, फाटक्या कातडीखाली तांबूस चमक. ती तिथंच ओकली होती.

"मला म्हाईत हाय कुठं हाय ते," ती शेवटी म्हणाली.

ओघळीत वास भिंतीसारखा उभा होता. ताईने हातमोजे घातले, पण वाळून ताठ झालेल्या कातडीखाली, फासळ्यांच्या फटीत तिचा मोठा हात जाईना. माशा ओठांवर बसल्या तशी ती बाजूला जाऊन ओकली.

"ऱ्हाऊ दे पोरी," आबा म्हणाले. "लई घान हाय."

"हा वास आठ दिसांत जाईल, आबा. कचऱ्याचा कवाच जानार न्हाई. तुमी बाटली धरा."

आबांनी तोंड फिरवून स्पिरिटची बाटली उघडी धरली. धनश्रीने ओढणी नाकाला घट्ट बांधली, सैल हातमोजा मनगटाशी दोऱ्याने आवळला आणि श्वास रोखून बांडीच्या फासळ्यांखाली कोपरापर्यंत हात घातला.