कोरड्या विहिरीतली घरघर

ताईला आधी वाटलं, शिलाई मशीनची मोटार चालू राहिली. तिनं प्लग काढला. घरघर थांबली नाही. मग ती मागच्या दारानं बाहेर गेली आणि विहिरीच्या कठड्यावरून वाकली. आवाज खालून येत होता. विहीर तर केव्हाच कोरडी पडली होती.

धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तोही ताई घर सोडून मुलीकडे राहायला जाणार हे कळल्यावर.

"विहिरीत मोटार चालते म्हणे तुझ्या. लाइटबिल कोण भरतं?"

"तूच. तुझी बाग पाणी ओढते, ते ऐकू येतं मला."

घरामागचा चढ पूर्वी गवताचा होता. पाऊस त्या गवतात अडायचा, जिरायचा आणि सावकाश ताईच्या विहिरीत उतरायचा. भावानं गवत उपटून फळबाग लावली, खोल बोअर मारलं. झाडं डोळ्यांत भरावीत अशी वाढली. इकडे ताईला दोराला दोर जोडावा लागला. पुढे तोही पुरेना.

"मी मोटार बंद केली तर राहशील?"

"पाणी आलं तर कशाला जाईन? माझी सगळी गिऱ्हाइकं इथं आहेत."

भावानं बायकोला फोन लावला. ती बागेतच होती. "मोटार बंद कर गं जरा. ताईचं भूत उतरवायचंय."

"केली बंद," फोनमधून आवाज आला. "याच रागात माझे शिवायला दिलेले कपडे रखडवलेत ना त्यांनी?"

बहीणभाऊ कठड्यावर वाकले. घरघर चालूच होती. भावानं आतल्या दगडावर तळहात टेकला. दगड बारीक थरथरत होता.

"नीट बंद केलीस ना?"

"अहो, पाइपातून थेंब पडत नाही." मग तिचा आवाज खाली आला. "पण बोअरला कान लावला तर ऐकू येतंय. खाली कुणीतरी ओढतंय."

त्या चढावर दुसरी मोटार नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

"कोण असेल रे?" ताईच्या बोलण्यात आता टोमणा नव्हता.

भावानं दगडावरचा हात काढून घेतला.

"अहो, चालू करू का? फळं धरलीत. आज पाणी चुकलं तर गळतील."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं तोंड फिरवलं.

"कर," तो म्हणाला.

विहिरीतला आवाज जाड झाला. खाली आता दोन घरघरी होत्या. काही वेळ त्या वेगवेगळ्या ऐकू आल्या, मग एकीनं दुसरीचा वेग धरला.

ताई घरात गेली आणि तिनं मुलीला फोन लावला.

"उद्याच ये न्यायला... हो, नक्की. नाही गं, मामाशी भांडण नाही झालं."