मॅट कुणी थोपटायची

मास्तरांनी आपल्या मुलीला, भिंगरीला ज्युदोतलं सगळं शिकवलं, एक गोष्ट सोडून. प्रतिस्पर्ध्याने हात पिरगळून धरला आणि सोसेनासं झालं, की मॅट दोनदा थोपटायची. म्हणजे हार कबूल, पंच लढत थांबवतात. शेंबडं पोरही हे पहिल्या आठवड्यात शिकतं. पण भिंगरी लहानपणी जरा खुट्ट झालं की थोपटायची. मास्तर वैतागले. "तू नाही थोपटायचंस," त्यांनी फर्मान काढलं. "कधी पुरे झालं ते मला कळतं. मी थोपटेन." तेव्हापासून सरावात कुणी तिचा हात धरला की मास्तर शेजारी उकिडवे बसत आणि वेळ आली की स्वतः थाप देत. पोरगी कशी कणखर झालीय, असं सगळे म्हणायचे. तिची आई तेवढी म्हणायची, "दुखतंय तिला आणि कळतंय तुम्हाला, अजबच आहे!" मास्तर ते हसण्यावारी न्यायचे.

आता ती अठरा वर्षांखालच्या मुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कांस्यपदकासाठी लढत होती. मास्तर कडेच्या खुर्चीवर. लढत चालू असताना प्रशिक्षकाने चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. बडबड्या मास्तरांना ती खुर्ची म्हणजे शिक्षाच. पण भिंगरी गुणांनी पुढे होती, वेळ संपत आली होती आणि मास्तरांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात भिंगरीचा तोल गेला. समोरच्या उंच मुलीने झडप घातली, तिचा उजवा हात मांड्यांमध्ये आवळला आणि कोपर उलटं वाकवायला घेतलं.

भिंगरीने मान वळवून खुर्चीकडे बघितलं. तिचा डावा हात मोकळा होता, मॅटवर नुसता पालथा पडलेला. ती वाट बघत होती.

मास्तरांना कळलं. चांगलंच कळलं. त्यांचा हात उचलला गेला. खुर्चीसमोरच्या जाहिरातीच्या फळीवर थाप दिली असती तर ती ऐकून तिने मॅट थोपटलीच असती. पण नजर घड्याळाकडे गेली. एवढंसं तर राहिलंय, त्यांच्या मनात आलं. हात तसाच अधांतरी राहिला.

कोपराचा आवाज खुर्चीपर्यंत आला. मग किंकाळी. पंचांनी लढत थांबवली, पदक त्या उंच मुलीला गेलं. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण आलं. आधी पदक आलं, मग पोर.

प्रथमोपचाराच्या खोलीत भिंगरी ओठ दातांखाली दाबून खाटेवर बसली होती. डॉक्टरीणबाईंनी कोपराखाली उशी सरकवली आणि बोटाने हलकेच चाचपलं. "बाळा, इथे दुखतंय?"

भिंगरीने बापाकडे बघितलं.

"त्यांच्याकडे काय बघतेस? हात तुझा ना?"

"बाबांना कळतं," ती म्हणाली.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भिंगरे, अगं..." एवढं बोलून ते थांबले. पुढे काहीही सांगितलं असतं, तरी तिने तेही मुकाट्याने ऐकलं असतं. ते उठले आणि तिला दिसणार नाहीत असे पडद्यापलीकडे भिंतीला टेकून उभे राहिले.

"सांग बरं, दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

मास्तरांचा हात सवयीने भिंतीकडे गेला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

"बाबा," पडद्याआडून बारीक आवाज आला, "सांगू का?"