खिडकीजवळचं टेबल

मनगटाचं प्लॅस्टर निघालं त्या दिवशी वहिनींनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाल्या, "हा कुणाचा आणलाय उचलून?" हात काडीसारखा झाला होता. याच हातानं त्यांनी दिराच्या लाँड्रीत, खिडकीजवळच्या टेबलावर, सत्तावीस वर्षं चार किलोची इस्त्री फिरवली होती.

दीर, म्हणजे भाऊजी, मोठे गोड बोलणारे. गोड बोलून ते शर्टावर आपल्याच हातून पडलेला डागही गिऱ्हाइकाच्या माथी मारत. "वहिनी, आता काउंटरवर बसा, पावत्या फाडा. पंखा आहे, खुर्ची आहे."

"आणि माझं टेबल?"

"नव्या कारागिराला देतो. आता इस्त्री काय नुसत्या जिभेनं फिरते?"

लाँड्रीचा जुना नियम होता: सोमवारी दवाखान्याचे चाळीस कोट बाराच्या आत जो संपवेल, खिडकीजवळचं टेबल त्याचं. वहिनींनी तिथल्या तिथे बजावलं, "दोन महिन्यांनी करून दाखवते. तोवर टेबल कुणाला द्यायचं नाही."

भाऊजी हसले. हसायला पैसे पडत नाहीत, म्हणून ते सढळ हसत.

दवाखान्यात हाताचा व्यायाम शिकवणारी पोरगी वयानं नातीएवढी, पण तोंडानं सासूएवढी. तिनं एक किलोचं डंबेल हातात दिलं. "कोपर बरगडीला चिकटवा. तळवा वर. वजन खांद्यापर्यंत न्या, मग सावकाश खाली. दहा वेळा. नंतर डावा."

"डाव्याला काय धाड भरलीय?"

"दोन्ही करायचे, आजी."

कोपर काही जागेवर राहीना. इस्त्रीचा हात तो. जोर म्हटलं की अख्खा खांदा पुढे धावायचा. शेवटी घरी वहिनींनी घडी केलेला रुमाल काखेत धरला. रुमाल पडला की उचल बाद, पुन्हा एकपासून. पहिला आठवडा डंबेलपेक्षा रुमालच जास्त उचलावा लागला.

"आई, हे काय खूळ?" सुनेनं विचारलं.

"खूळच. उतरवून दाखव," म्हणाल्या आणि मोजत राहिल्या.

दोन महिन्यांत डावा हात पाच किलो लीलया उचलू लागला. उजवा मात्र दोनावर अडला तो अडलाच. सहाव्या उचलीला मनगटातून कळ जाई. पोरीनं उजव्या हातातलं डंबेल काढून ठेवलं, आणि वहिनी काय ते समजल्या.

सोमवारी भाऊजी आले तेव्हा टेबल उलटं फिरवलेलं होतं. छताला टांगलेली इस्त्रीची वायर पलीकडच्या हुकात गेली होती. वहिनींच्या डाव्या हातात इस्त्री, उजवा फक्त कोट ताणायला.

"अहो, अशी कुठे इस्त्री होते? सगळे उजव्यानंच करतात!"

"डाव्याला कधी विचारलं होतं कुणी?"

विसाव्या कोटाला खांदा पेटला. तिसाव्याला भाऊजींनी मायेनं खुर्ची आणून ठेवली. वहिनींनी तिच्यावर झालेले कोट रचले. पस्तिसाव्याची कॉलर दुमडली. ती उलगडून, पाणी मारून त्यांनी पुन्हा केली. बाराला चार मिनिटं कमी असताना चाळिसावा कोट खुर्चीवर पडला.

भाऊजींनी एक कोट उजेडात धरला. कॉलर पाहिली, बाही पाहिली, बरंच काही शोधलं. सापडलं नाही.

"पण टेबल आता असं उलटंच राहणार? नवा कारागीर उजव्या हाताचा आहे, वहिनी."

"मग त्याला काउंटरवर बसवा," वहिनी म्हणाल्या. "पंखा आहे, खुर्ची आहे. खुर्चीवरचे कोट तेवढे तुम्ही उचला."